आधी मिशीकाका

माझे कान टोचले तेव्हा आधी मिशीकाकांनी स्वतःचा कान टोचून घेतला होता. खोटं वाटत असेल तर लालबागच्या आमच्या चाळीत कोणालाही विचारा, अजून लोक हसतात. सोनार आला, त्याने तार बाहेर काढली, मी आईच्या मांडीवर भोकाड पसरलं आणि काका पाटावर पुढे सरकून म्हणाले, "थांब रे. आधी माका मार. कसां लागता ता बघूंदे." सोनाराने बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली, कारण काका त्यांचे थोरले भाऊ, आणि थोरल्याला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मग काकांच्या कानाला भोक पडलं. "काय नाय गो बाय," ते मला म्हणाले, "मुंगी चावता तसां." ते भोक शेवटपर्यंत तसंच होतं. त्यात त्यांनी कधी काही घातलं नाही.

ही त्यांची खोडच होती. घरात नवीन काहीही आलं की पहिला नंबर काकांचा. माझ्या खोकल्याचं औषध आधी चमचाभर ते पिणार. माझ्या भावाची, समीरची, नवी सायकल आधी ते चालवणार आणि गल्लीच्या तोंडाशी पडून दाखवणार. लसीकरणाच्या वेळी नंबर पुकारला बाबांचा, तर हे तिथल्या सिस्टरशी वाद घालत उभे, की थोरला मी आहे, आधी मला टोचा, माझं काय होतं ते बघा आणि मग धाकट्याला हात लावा. मागे लांबच लांब रांग, लोक शिव्या देतायत, पण काका ढिम्म. त्यांचं म्हणणं एकच, "मोठो म्हंजे कोण? आधी चटको खाता तो."

मिशीकाका हे नाव अर्थातच मिशीमुळे. काळीभोर, जाड, दोन्ही टोकं वर वळलेली. गिरणी बंद पडल्यावर ते मसाला कुटायच्या दुकानात लागले होते. संध्याकाळी घरी यायचे ते मिशीत मिरचीपूड घेऊनच, त्यामुळे त्यांनी लाडाने जवळ घेतलं की आम्हाला सटासट शिंका. सकाळी गॅलरीत खिळ्याला आरसा अडकवून मिशी कातरणं चालायचं, तेव्हा सार्वजनिक नळावरचं भांडणसुद्धा जरा हळू व्हायचं. वय झालं तरी मिशीत एक पांढरा केस नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायचे, "गावच्या खोबरेलाचो गुण." महिन्यातून एकदा ते मोरीचं दार आतून लावून फार वेळ आंघोळ करायचे, त्याचा आणि खोबरेलाचा काय संबंध हे मला खूप उशिरा कळलं.

काकांनी लग्न केलं नाही. जेवण आमच्यात, झोपणं गॅलरीत, आणि जीव माझ्यात. त्यातून झालं असं, की कॉलेजात असताना मलाही मिशी फुटली. हसू नका. वरच्या ओठावर चांगली दाट, आणि हनुवटीवर वेगळी. डॉक्टर म्हणाल्या पीसीओडी आहे, हार्मोन्सचा खेळ. आई म्हणाली बाहेरचं खाणं. काका मात्र दोन दिवस माझ्या नजरेला नजर देईनात. मग एकदा आरशासमोरच कात्री खाली ठेवून म्हणाले, "माझोच गुण इलो गो तुझ्यार." मी लाख समजावलं की काका, हे असं मिशीवरून मिशीत जात नाही. पण नाही. ते कायमचे गुन्हेगार होऊन बसले.

आता खरं सांगायचं तर कोविडमध्ये सगळ्या जगाने मास्क लावला आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले. असं बोलू नये, लोकांची माणसं गेली, पण खरं आहे ते खरं आहे. कोणी माझ्या ओठाकडे बघून मग घाईघाईने डोळ्यांकडे बघत नव्हतं. पुढे सगळ्यांनी मास्क काढले. मी नाही काढला. परळला एका लॅबमध्ये रक्त तपासायला येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायचं माझं काम, तिथे मास्क घातला तर कोणाला काय वाटणार? डबा मी सॅम्पलच्या खोक्यांमागे उभी राहून खायचे. पुढेपुढे घरीसुद्धा भिंतीकडे तोंड करून जेवायला बसायला लागले. काका एक दिवस बांगड्याचं तिखलं भाताबरोबर कालवता कालवता थांबले आणि म्हणाले, "गो बाय, ती भिंत तुका घास भरवता काय?" मी ताट तसंच टाकून उठले. मला माणसांत तोंड उघडं ठेवून जेवायचं होतं. मोठं काही नको होतं मला, एवढंच पाहिजे होतं.

दादरला लेझर करतात हे माझ्या मैत्रिणीने सांगितलं. तिथल्या मितालीने, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मुलीने, मला नीट समजावलं. थ्रेडिंग बंद, वॅक्स बंद, चिमट्याने उपटणं तर अजिबात नाही, कारण लेझर केसाच्या मुळाला शोधतं आणि मूळच उपटलं तर ते शोधणार काय? आदल्या दिवशी फक्त दाढी करायची. "काय करायची?" मी विचारलं. "शेव्ह," ती म्हणाली, जसं काही लालबागच्या सगळ्या पोरी रोज करतात.

समीर मोबाइलवर बघून दाढी शिकला होता, त्यामुळे काकांची शिकवायची आयुष्यभराची हौस राहिली होती. ती त्यांनी माझ्यावर फेडली. गॅलरीतल्या आरशासमोर मला उभं केलं, फेस केला, आणि ओठ दातांवर ओढून कसा धरायचा ते स्वतः करून दाखवलं. "हय हळू. हय उलटो हात नाय मारूचो. आणि श्वास धर, शिंक इली तर नाक जायत." आईने दार ओढून घेतलं आणि आतून म्हणाली, "अहो भावजी, निदान घरात तरी करा, शेजारी बघतायत!" शेजारच्या सावंतीण बघत होत्याच. काका त्यांना म्हणाले, "बघा, बघा. हात बघा कसो साफ चलता पोरीचो." मला धरणी दुभंगावी असं वाटत होतं, आणि थोडं, अगदी थोडं, बरंही वाटत होतं.

पहिल्या खेपेला काकांना मसाल्याच्या दुकानातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी एकटी गेले. डोळ्यांवर काळा चष्मा, गालावर थंड हवेचा पाइप, आणि मिताली म्हणाली, "रबर बँड बसल्यासारखं वाटेल." अगं, कुठला रबर बँड? ट्रकच्या टायरचा? ओठावर पहिला सटका बसला तो थेट दातांत गेला. दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी. तिसरा बसायच्या आत मी टेबलावरून उतरून, काळ्या चष्म्यासकट, अर्ध्या ओठाला जेल लावलेली अशी थेट फुटपाथवर. भाजीवाल्याने विचारलं, "मॅडम, क्या हुआ?" मी मास्क चढवला आणि तिथेच ठरवलं, संपलं. मी भिंतीकडे तोंड करून म्हातारी होईन.

घरी येऊन मी जाहीर केलं, की परत जाणार नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "रबर बँड म्हणाली ती?" दुसऱ्या दिवसापासून त्यांची तालीम सुरू झाली. फुलपुड्यांचे रबर, मिठाईच्या खोक्यांचे रबर, सगळे गोळा करून ते रोज सकाळी स्वतःच्या गालावर ताणून सोडायचे. सटाक! मग डोळे मिटून विचार करायचे आणि त्याहून जाड रबर घ्यायचे. बाबांना एक मारून बघितला. समीर ऑफिसला निघताना त्याच्या मानेवर एक. "काका, वेड लागलंय का तुम्हाला?" तो ओरडला. "सवय होयत," काका म्हणाले. आठवडाभर आमच्या घरात कोणाच्याही पाठीमागून कधीही सटाक व्हायचं. मला मात्र त्यांनी एकही मारला नाही.

शेवटी कंटाळून मी म्हटलं, जाते, पण तुम्ही बरोबर चला. झालं. निघायच्या आधी ओठाला बधिर करायचं क्रीम लावून वर पातळ प्लास्टिक चिकटवायचं होतं. मी ट्यूब शोधते तर ट्यूब काकांच्या हातात. सवयीप्रमाणे आधी त्यांनी लावून बघितलं होतं, आणि लावून बघितलं म्हणजे मिशी मध्ये येते म्हणून जिभेने. टॅक्सीत बसल्यावर ते काहीतरी बोलले ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. परळ येईपर्यंत त्यांची जीभ पार झोपली होती.

आणि नेमकं त्यांना दवाखान्यात गाऱ्हाणं घालायचं होतं. आमच्या कोकणात कुठलंही काम सुरू करताना घरातला मोठा माणूस देवाला मोठ्याने सगळी हकिगत सांगतो आणि बाकीचे दर वाक्याला हुंकार देतात. घरात ठीक आहे हो. पण इथे एसी, मंद वास, काचेच्या टेबलावर मासिकं, आणि सोफ्यावर मान खाली घालून बसलेल्या पाच-सहा मुली. काका मध्येच उभे राहिले, हात जोडले आणि अर्ध्या जिभेने सुरू झाले, "बा देवा म्हाआजा! आज ह्यां तुझां लेकरू हय इलां हा. हेच्या तोंडार जी काय वीज पडतली ती थंड कर, आणि जो केस जळात तो परत उगवाक देव नको, रे म्हाआजा!"

मी जमिनीकडे बघत पुटपुटले, "व्हय म्हाराजा."

"आणि हय बसलेल्या सगळ्या पोरींका ह्या केसांतसून एकदाच्या सोडव, रे म्हाआजा!"

"व्हय म्हाराजा!" सोफ्यावरून एक खणखणीत आवाज आला. मुलगी कुडाळची निघाली. पुढच्या वाक्याला तिच्या शेजारची गुजराती मुलगीही म्हणाली, आणि शेवटच्याला तर काउंटरवरच्या बाईंनी फोन हाताने झाकून हुंकार दिला.

आमचा नंबर लागेपर्यंत काकांची जीभ जागी झाली होती. आत गेल्यावर ते टेबलावर स्वतःच जाऊन आडवे झाले. "आधी माका," ते म्हणाले. मितालीने सांगून बघितलं, की काका, असं नाही करत, आणि मिशीवर तर नाहीच, तिथे आधी दाढी करावी लागते. "मिशयेक वस्तरो लावूचो नाय," काका म्हणाले. "टोकार एक मार. खंय लागता, किती लागता, माका कळाक होयां. त्याशिवाय पोरगी झोपूची नाय." तिने त्यांना बाहेर न्यायला मला सांगितलं, मी हात धरून ओढलं, काकांनी टेबलाची कड सोडली नाही. शेवटी ती म्हणाली, "बरं, सगळ्यात कमीवर एक. पण खरं सांगा, डाय करता का? रंगवलेला केस वरच्या वरच जळतो."

"डाय?" काका उखडले. "आमच्या घराण्यात?"

सटाक! खोलीभर सुकट भाजल्याचा वास सुटला. मिशीच्या डाव्या टोकातून धूर निघाला, खरोखर धूर, आणि मितालीने किंचाळून ओला कापूस दाबला. काका हलले नाहीत. काळ्या चष्म्याखालून पाण्याचे दोन ओघळ कानापर्यंत गेले. आणि कुठूनतरी, अगदी बारीक आवाज आला, "काय नाय गो बाय. मुंगी."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात मी रडायला लागले. इतकी वर्षं हा माणूस माझ्या आधी चटके खात होता आणि उठून माझ्याशी धडधडीत खोटं बोलत होता. कान टोचताना मुंगी चावत नाही, जीव जातो. खोकल्याचं ते औषध कडू जहर होतं. आणि तरी तोंड वाकडं न करता तो म्हणायचा, काय नाय. मला त्यांची इतकी माया आली, इतकी माया आली, की मी म्हटलं, "सरका काका. मला झोपू दे."

मी झोपले. पहिला सटका बसला. मी दात दाबून गप्प, कारण बाहेर सगळ्या मुली बसलेल्या, आणि ओरडायची मला लाज. तेवढ्यात उशाशी स्टुलावर बसलेले काका गरजले, "आवशीचो घोव!"

मितालीच्या हातातलं यंत्र निसटता निसटता वाचलं. "काका, तुम्हाला नाही मारलं!"

"ठाव आसा," काका म्हणाले. "तां ओरडत नाय, म्हणान मी ओरडतंय. तू मार."

ती मारत गेली आणि ते ओरडत गेले. आई, आजी, ग्रामदैवत, गिरणीचा जुना मॅनेजर, सगळ्यांचा उद्धार झाला. दुखत होतं हो, भयंकर दुखत होतं, पण दर वेळी आता हे काय ओरडणार याची मला उत्सुकता लागायची आणि दुखणं जरा बाजूला बसायचं. शेवटी हनुवटी सुद्धा झाली. बाहेर आलो तर ती कुडाळची मुलगी उभी. म्हणाली, "आजोबा, माझा नंबर होईपर्यंत थांबाल?" आजोबा म्हटल्याचा काकांना राग आला, पण ते थांबले. दाराबाहेर उभे राहून तिच्यासाठीही ओरडले.

मिशीचं जळकं टोक गळून पडलं आणि तिथे नवीन केस आला तो पांढराशुभ्र. लेझरला पांढरं मूळ दिसतच नाही, त्यामुळे ते मजेत शाबूत राहिलं होतं. आमच्या चाळीला मात्र ते लगेच दिसलं. "काका, खोबरेल संपलं काय?" सावंतीणबाई नळावरून ओरडल्या. जखम बरी होईपर्यंत रंग लावायला बंदी होती, तोवर बाकीची मिशीही मुळाशी पांढरी होत गेली. जखम बरी झाल्यावर मी स्वतः जाऊन डायचं पाकीट आणलं. काकांनी ते माझ्याच हातात परत दिलं. "नको गो. तू तोंड दाखवतलंस आणि मी लपवत बसू?"

लेझर एका खेपेत संपत नाही. महिना-दीड महिन्याने परत जायचं, परत दाढी, परत क्रीम, परत गाऱ्हाणं. काकांनी एकही खेप चुकवली नाही, आणि केस हळूहळू विरळ होत गेले. एके दिवशी दवाखान्यातून निघून ते मला गिरगावातल्या एका खानावळीत घेऊन गेले. दुपारची गर्दी, एकच टेबल मोकळं, त्याची एक खुर्ची भिंतीकडे आणि एक माणसांकडे. मी सवयीने भिंतीकडच्या खुर्चीकडे वळले. काका धावत जाऊन तीत बसले. "ही माझी," म्हणाले. मग मी माणसांकडे तोंड करून बसले. मास्क काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि सुरमई खाल्ली. कोणी बघितलं नाही. एकानेही बघितलं नाही हो! वाढपी आला, "सोलकढी देऊ?" म्हणाला आणि गेला. काका संपूर्ण जेवण भिंतीकडे बघत जेवले आणि मध्ये मध्ये विचारत राहिले, "काय बाय, लोक काय करतत?" मी सांगत होते, "जेवतायत, काका."

गेल्या थंडीत काका गेले. सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते उठलेच नाहीत. काही दुखलं का, ओरडले का, कोणाला माहीत नाही. बाबा त्यांच्या उशाशी बसून लहान पोरासारखे रडत होते आणि म्हणत होते, "हय पण आधी तूच रे?"

दहाव्याला बाणगंगेवर गेलो. आमच्यात बायका जात नाहीत, मी गेले, आणि मला अडवायची कोणाची हिंमत झाली नाही. न्हावीदादा पायरीवर बसले होते. बाबांनी मिशी उतरवली. समीर महिनोन् महिने जपलेली दाढीमिशी देऊन गुळगुळीत तोंडाने उठला. चुलत भाऊ एकामागून एक बसले. सगळे झाल्यावर न्हावीदादांनी विचारलं, "आणखी कोण?" आणि मी पुढे होऊन पाटावर बसले.

ते गोंधळले. "ताई, काय काढायचं?"

काकांसाठी द्यावं असं त्या घाटावर सगळ्यांनी काही ना काही दिलं होतं, आणि ज्या एका पोरीने त्यांना मिशी द्यायला हवी होती, तिच्याकडे ती नव्हती. त्यांनीच ठेवली नव्हती. न्हावीदादांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. मग त्यांनी बोटं पाण्यात बुडवून माझ्या ओठावरून फिरवली, वस्तऱ्याची उलटी बाजू हलकेच एकदा टेकवली, आणि आरसा पुढे धरला.

आरशात माझं रोजचंच तोंड होतं. भावांकडे बघून पुढचा महिनाभर कोणीही सांगणार होतं, की ह्यांच्या घरातलं माणूस गेलंय. माझ्याकडे बघून कोणालाच काही कळणार नव्हतं. याचा मला इतका राग आला, इतकं वाईट वाटलं, की घाटावरून वर येताना जो पहिला माणूस भेटला, हार विकत बसलेली एक अनोळखी म्हातारी, तिच्यासमोर मी उघड्या तोंडाने उभी राहिले आणि सांगितलं, "आजी, आमचे काका गेले हो."